धाकटीच्या पाठीशी

गावात धाकटीला सगळे धाकटीच म्हणत. ती वीज कंपनीत इंजिनियर झाली, हाताखाली माणसं आली, केसांत दोन-चार पांढऱ्या बटाही आल्या, पण नावात काही बढती मिळाली नाही. याला कारण तिची ताई. घरातली थोरली इतकी ठसठशीत असली, की दुसरीला जन्मभर धाकटं राहण्यावाचून इलाज नसतो.

आता ताई हे काय प्रकरण आहे ते आधी सांगायला हवं. वडील लवकर गेले, आई दिवसभर शिलाई मशीनवर वाकलेली. तेव्हा धाकटीच्या वेण्या घालण्यापासून तिच्या वर्गातल्या दांडगट पोरांना दम भरण्यापर्यंत सगळं ताईने केलं. कॉलेजच्या मुलाखतीला ती सोबत गेली, दाराबाहेर थांबा म्हटलं तर आत शिरली, आणि निम्म्या प्रश्नांची उत्तरं तिनेच देऊन टाकली. धाकटीला प्रवेश मिळाला. तो ताईमुळे मिळाला की ताई असूनही मिळाला, यावर दोघी बहिणींचं आजतागायत एकमत झालेलं नाही.

पुढे ताईने गावाच्या टोकाला हॅचरी काढली. अंडी यंत्रात उबवायची आणि निघालेली पिल्लं पोल्ट्रीवाल्यांना द्यायची. धंद्यात तिचा चांगला जम बसला. हजारो जिवांवर एकटीने नजर ठेवायची, कोणाला किती ऊब हवी ते आपण ठरवायचं आणि समोरून कोणी उलट बोलत नाही, यापेक्षा ताईच्या स्वभावाला मानवणारं काम शोधूनही सापडलं नसतं.

धाकटीचं काम मात्र नेमकं उलट्या वळणाचं होतं. गाव डोंगरांच्या मधोमध. बाहेरची वीज खिंडीतून एकाच लाइनने यायची, आणि नदीकाठी एक छोटं पॉवरहाउस होतं, ते तिला हातभार लावायचं. दर वर्षी एक दिवस खिंडीतली लाइन दुरुस्तीसाठी बंद ठेवावी लागे. त्या दिवशी कंपनी एक भलामोठा डिझेल जनरेटर ट्रेलरवर घालून पाठवायची. तो दिवसभर धुराचे लोट सोडायचा, कानठळ्या बसवायचा आणि तरी दोनदा बंद पडायचाच. यंदा धाकटीने वरच्या साहेबांना सांगितलं, जनरेटर पाठवू नका, आमचं गाव एक दिवस स्वतःच्या पायावर उभं राहील.

साहेब हसले. मग धाकटीने त्यांना डब्या दाखवल्या.

डबी म्हणजे मुठीत मावेल एवढं यंत्र. ती काय करते हे कळायला एकच आकडा लक्षात ठेवायचा, पन्नास. पॉवरहाउसमधलं यंत्र ठरलेल्या वेगाने फिरतं तेव्हा विजेचा ठोका पन्नासचा असतो. गावाने एकदम जास्त वीज ओढली की यंत्राला धाप लागते आणि आकडा खाली येतो. गावाने हात आखडता घेतला की यंत्र मोकाट सुटतं आणि आकडा वर जातो. फारच खाली किंवा फारच वर गेला, की यंत्र स्वतःच्या जिवाला जपून बंद पडतं, आणि त्याच्यासोबत सगळं गाव. खिंडीतली लाइन जोडलेली असते तेव्हा शेकडो मोठी यंत्रं मिळून तो आकडा सांभाळतात. एकट्या पडलेल्या गावाला तो स्वतः सांभाळावा लागतो.

हा आकडा प्रत्येक घरातल्या प्रत्येक प्लगपाशी सारखाच कळतो. कोणी कोणाला फोन करायला नको, कोणी हुकूम द्यायला नको. धाकटीची डबी भिंतीवर बसून तेवढंच करायची. आकडा जरा खाली आला, की ती ज्या मशीनला जोडली असेल त्याला म्हणायची, थोडा दम खा. वर गेला की म्हणायची, घे थोडं जास्त. कोल्ड स्टोरेजच्या कॉम्प्रेसरला, लॉन्ड्रीच्या बॉयलरला, पाण्याच्या टाकीवरच्या पंपाला, छपरांवरच्या सोलरच्या बॅटऱ्यांना, ताईच्या हॅचरीतल्या यंत्रांनाही, सगळ्यांना तिने अशा डब्या बसवल्या. सगळ्यांनी एकाच क्षणी उडी मारू नये म्हणून प्रत्येक डबीचा स्वभाव तिने जरा वेगळा ठेवला होता. एक उतावळी, एक सुस्त, एक मधली.

"म्हणजे यांच्यावर साहेब कोण?" ताईने विचारलं होतं.

"कोणीच नाही."

"असं कसं चालेल?" ताई म्हणाली. तिचा हा प्रश्न अगदी मनापासून होता.

पण बहिणीवर विश्वास दाखवायचा म्हटल्यावर ताई हात राखून दाखवणारी नव्हती. लाइन बंद राहायचा दिवस ठरला तसा तिने हिशेब मांडला आणि बरोबर तीन आठवडे आधी यंत्रं अंड्यांनी काठोकाठ भरली, म्हणजे पिल्लं नेमकी त्याच दिवशी बाहेर यावीत. धाकटीला कळलं तेव्हा ती धावतच हॅचरीवर आली. अंडी फुटायच्या दिवशी ऊब आणि हवा थोडा वेळ जरी थांबली तरी आतला जीव आतच गुदमरतो. वर हॅचरीचा जुना जनरेटर वर्षभर गंजून पडलेला.

"निदान तो तरी दुरुस्त करून घे," धाकटी काकुळतीला आली.

"बहीण इंजिनियर असताना जनरेटर कशाला?" ताई म्हणाली. "सगळ्या गावाला सांगितलंय मी. तुझ्यावर माझा भरवसा आहे."

त्या भरवशाच्या ओझ्याखाली धाकटीला दोन रात्री झोप लागली नाही. शेवटी ताईच्या जिवाला शांतता म्हणून तिने एक छोटा मीटर नेऊन दिला. प्लगमध्ये खोचला की आकडा दाखवणारा. "नुसता बघायचा," असं तिने बजावलं. ताईला काहीही नुसतं बघता येत नाही, हे लहानपणापासून माहीत असूनही तिने तो दिला. शहाणी माणसं अशीच फसतात.

तो दिवस उजाडला तो लख्ख. न्याहारी उरकून गाव कामाला लागलं, आणि पॉवरहाउसमध्ये ऑपरेटरकाकांनी खिंडीकडचा स्विच खाली ओढला. हे काका गेली कित्येक वर्षं त्या यंत्रासोबत राहत होते. देह भरभक्कम, खिशात कायम बिस्किटं, आणि आनंद झाला की गाणं म्हणायचे. गाणं एकच होतं आणि त्याच्या दोनच ओळी त्यांना येत.

स्विच पडला तसा आकडा घसरला. आकडा थोडा रेंगाळला, जरा वर आला, आणि पन्नासच्या किंचित खाली येऊन स्थिरावला. गावात कुठेतरी एक कॉम्प्रेसर थांबला होता, कुठे बॉयलर मंद झाला होता, कुठल्याशा छपराखालच्या बॅटरीने आपला वाटा पुढे केला होता. कोणी सांगितलं नव्हतं. धाकटीला एकदम हसू फुटलं आणि डोळेही भरून आले. काकांनी दोन्ही ओळी खणखणीत आवाजात म्हटल्या.

"चालतंय की गं हे!"

"चालतंय काका!"

"घे, बिस्कीट खा."

तासभर सगळं झकास चाललं. मग एक मोठा ढग आला. गावातल्या छपरांवरची सोलरची वीज एकदम निम्मी झाली आणि आकडा खाली आला. धाकटी निवांत होती. याच्यासाठीच तर डब्या होत्या. आकडा सावरू लागला, पन्नासजवळ आला, आणि तिथे थांबायचं सोडून सरळ वर निघाला. साडेपन्नास. डब्यांनी वीज जास्त घ्यायला सुरुवात केली, तो खाली वळला, आणि वळला तो खालीच जात राहिला. एकोणपन्नासच्या जवळ. पुन्हा वर. या वेळी आधीपेक्षा जास्त वर. ढग केव्हाच निघून गेला होता, पण गाव झोका घेतल्यासारखं हेलकावत होतं, आणि प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा होता.

"पोरी, हे काय?" काकांचं गाणं बंद झालं.

धाकटीचा पहिला संशय स्वतःवर. डब्यांचे स्वभाव ठरवताना काही चुकलं का? तिने सगळं पुन्हा मनात घोळवलं. नाही, डब्या सौम्य होत्या. थोडं कमी, थोडं जास्त, यापलीकडे त्यांना काही येतच नव्हतं. इथे तर कोणीतरी गावाच्या गाव एकदम बंद करत होतं आणि एकदम चालू करत होतं. सगळे मिळून, एकाच दमात. गावाची एवढी एकजूट तिने याआधी कधी पाहिली नव्हती.

तेवढ्यात काकांच्या खिशातला फोन बिस्किटांच्या पुड्यात खुळखुळला. काकांनी तो काढला, वाचला आणि घाईघाईने परत ठेवला. पण त्यांचं वागणं चोरासारखं होतं, आणि चोरी लपवायला काकांचा चेहरा अगदी कुचकामी होता.

"काका, काय आहे?"

"काही नाही. घरचं."

"दाखवा."

फोनवर लिहिलं होतं, "खाली आलं!! सगळ्यांनी सगळं बंद करा!!" ग्रुपचं नाव होतं, धाकटीच्या पाठीशी. आत जवळजवळ अख्खं गाव होतं. लिहायची मुभा फक्त एकीला होती, बाकीच्यांनी वाचायचं आणि सांगेल ते करायचं.

"आम्हाला सांगितलं होतं, तुला कळू द्यायचं नाही," काका ओशाळून म्हणाले. "तुला आनंदाचा धक्का द्यायचा होता."

धक्का बसला, आनंदाचा म्हणता येईल का हा प्रश्न. धाकटीने ताईला फोन लावला. ताईने कापला. पुन्हा लावला, पुन्हा कापला. मग निरोप आला, "कामात आहे. तू अजिबात काळजी करू नकोस. मी आहे."

"काका, यंत्र सांभाळा," म्हणत धाकटीने सायकल काढली.

"लवकर ये!" काका मागून ओरडले. "अठ्ठेचाळीसच्या खाली गेलं तर हे बंद पडेल, मग माझ्या हातात काही नाही!"

बाजाराच्या रस्त्यातून जाताना तिला जे दिसलं ते दुसऱ्या कुठल्या दिवशी पाहिलं असतं तर ती हसून हसून पडली असती. बेकरीवाला ओव्हनच्या स्विचवर हात ठेवून दारात उभा होता, नजर फोनवर, आणि आत अर्धे कच्चे पाव आपल्या नशिबाची वाट पाहत होते. लॉन्ड्रीवाली मावशी ओल्या चादरी खांद्यावर टाकून मशीन बंद कर, चालू कर करत होती. न्हाव्याच्या खुर्चीत एक गृहस्थ अर्धे केस कापलेल्या अवस्थेत बसला होता, कारण कापायचं मशीन गावासाठी थांबलं होतं. मग एकदम सगळ्यांचे फोन वाजले. "वर गेलं! चालू करा!!" आणि रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दिवे, पंखे, ओव्हन, किटल्या आणि इस्त्र्या एका झटक्यात पेटल्या. वरच्या खिडकीतून एक आजी दोन हातांत दोन हेअर ड्रायर घेऊन हवेत फिरवत होती.

"थांबा! काही करू नका!" धाकटी ओरडली.

"धाकटी आली, धाकटी!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. "काळजी करू नकोस गं! आम्ही आहोत!"

त्यांच्या तोंडावरचा आनंद पाहून धाकटीला रागही धड येईना. असं प्रेम करणारं गाव मिळायला भाग्य लागतं, आणि त्याच प्रेमाने ते गाव आता तिचे दिवे घालवायला निघालं होतं. तिने पेडल जोरात मारलं. डोळ्यांपुढे एकच गोष्ट होती, ती ताईची यंत्रं आणि त्यांतली अंडी.

हॅचरीचं दार ढकलून ती आत शिरली तेव्हा उबेचा एक भपकारा अंगावर आला. ताई दोन यंत्रांच्या मधे स्टुलावर बसली होती. केस विस्कटलेले, कपाळ घामाने डबडबलेलं, एका हातात फोन, नजर भिंतीवरच्या मीटरवर. यंत्राच्या काचेमागे ट्रेवर ट्रे अंडी होती, आणि त्यातल्या कित्येकांना बारीक भेगा पडलेल्या होत्या. आतून टकटक ऐकू येत होती.

"ताई, बंद कर हे!"

"बोलू नकोस, आत्ता खाली जाईल," ताई म्हणाली आणि तिचा अंगठा फोनवर गेला. "सकाळपासून पाण्याचा घोट घेतलेला नाही मी. पण बघ, अजून गाव चालू आहे ना?"

"ते तुझ्यामुळे बंद पडायला आलंय!"

ताईचा चेहरा उतरला. धाकटी तिला इतक्या वर्षांत कधी असं तोडून बोलली नव्हती. "मी तुझ्यासाठी जीव तोडून करतेय," ती म्हणाली. "अख्खं गाव उभं केलं तुझ्या मागे. आणि तू मला असं बोलतेस?"

"ताई, ऐक. तुला आकडा दिसतो, तू लिहितेस, मग लोक वाचतात, उठतात, बटणापर्यंत जातात. तोवर डब्यांनी काम उरकलेलं असतं. आकडा जागेवर यायला लागलेला असतो. त्यावर तुझी माणसं आणखी बंद करतात, म्हणून तो वर उडतो. मग तू चालू करायला सांगतेस, तेही तसंच उशिरा पोचतं. तुझं एकूण एक सांगणं बरोबर आहे गं, पण ते पोचतं तेव्हा चुकीचं झालेलं असतं."

"मग काय, खाली जाताना नुसती बघत बसू? माझी अंडी आहेत आत!"

"मला माहीत आहे."

"माहीत असतं तर असं म्हणाली नसतीस!"

गणिताने ताईला पटवता येत नाही, हे धाकटीला पहिल्यापासून माहीत होतं, आणि दुसरं काही तिच्याजवळ नव्हतं. रडू येईल म्हणून तिने तोंड फिरवलं, आणि नजर काचेवर गेली.

अगदी पुढच्या ट्रेमध्ये एका अंड्याची टोपी अर्धी सुटली होती. आतलं ओलं, चिकट पिल्लू मान बाहेर काढून धापा टाकत होतं. जरा धडपडायचं, पुन्हा निपचित व्हायचं. कवचाचा एक तुकडा त्याच्या पंखावर अडकलेला. नखाने टिचकी मारली तरी निघाला असता.

"अगं, हे अडकलंय," धाकटी म्हणाली, आणि काही कळायच्या आत तिचा हात यंत्राच्या दाराकडे गेला.

फाडकन तिच्या हातावर चापट बसली.

"हात लावायचा नाही!" ताई कडाडली. "किती वेळा सांगितलंय? त्याचं त्याला फोडू दे! आतला बलक त्याने अजून पोटात ओढून घेतलेला नसतो, आपण उगाच सोललं की रक्त येतं आणि मरतं ते! दया आली म्हणून हात घालणारी माणसं मला इथे नकोत, पहिल्याच दिवशी मी..."

ताई थांबली. हात अजून हवेतच होता. तिने त्या हाताकडे पाहिलं, मग दुसऱ्या हातातल्या फोनकडे. फोनवर तिने अर्धवट लिहिलेलं होतं, "खाली आलं! सगळ्यांनी".

धाकटीने आपला हात मागे घेतला.

ताईने लिहिलेलं पुसलं. मग हळूहळू, एकेक अक्षर दाबत, नवीन लिहिलं. "आता कोणी काहीही करू नका. आपापली कामं करा. मी सांगितलं तरी ऐकू नका." पाठवलं, फोन स्टुलाखाली सरकवला आणि स्वतःच्या दोन्ही हातांवर बसली.

ग्रुपचा आधीचा हुकूम मात्र गावात अजून फिरत होता. सगळ्यांनी सगळं चालू केलेलं होतं, आणि आकडा घसरत चालला. एकोणपन्नास मागे पडले.

"धाकटे, खाली जातंय."

"जाऊ दे."

"अजून खाली जातंय गं."

"दिसतंय मला, ताई." धाकटी मीटरवरची नजर न काढता म्हणाली. साहेबांसमोर छाती ठोकून बोलणं वेगळं आणि या खोलीत, या टकटकीत बसून बोलणं वेगळं. आता काकांना फोन करावा, कुठला तरी स्विच ओढावा, काहीतरी करावं, असं तिच्याही मनात दाटून आलं. तिने ताईचा दंड घट्ट धरला. ताईला धीर द्यायला की स्वतःला, तिलाच कळलं नाही.

यंत्राच्या बाजूला भिंतीवर टक असा आवाज झाला. ताईच्या यंत्रावरच्या डबीने हीटर जरासा मंद केला होता. पिल्लांना जाणवणारही नाही इतपत. ताईने मान वळवून त्या डबीकडे पाहिलं, जशी काही ती आत्ता पहिल्यांदाच तिथे आली होती.

आकडा थांबला. रेंगाळला. मग पाय टेकायला जागा सापडल्यासारखा सावकाश वर चढू लागला. पन्नासच्या थोडा पुढे गेला, परत आला, आणि तिथेच राहिला.

"आपल्या डबीने केलं?" ताई कुजबुजली.

"आपल्याही. कोल्ड स्टोरेजच्या, मावशीच्या, टाकीवरच्या, सगळ्यांच्या. थोडं थोडं."

"तिला कोणी सांगितलं?"

"कोणीच नाही, ताई."

ताईने एक लांब सुस्कारा सोडला. तो इतका लांब होता की बहुधा धाकटीच्या मुलाखतीपासून कोंडून राहिला असावा. मग ती हसू लागली, आणि हसता हसता पदराने डोळे पुसू लागली. धाकटीही हसली. काचेमागे त्या पिल्लाने शेवटचा एक जोर लावला, टोपी निखळली आणि ते कोलांटी खाऊन ट्रेमध्ये पडलं. आपण काय पराक्रम केला याचा त्याला पत्ता नव्हता.

"मग मी आता काय करू?" ताईने विचारलं.

हा प्रश्न ताईच्या तोंडून धाकटीने कधी ऐकला नव्हता. तिने कोपऱ्यातलं बाक ओढून आणलं, भिंतीला टेकवलं आणि त्यावर बसत शेजारच्या जागेवर हात थोपटला.

"इथे बस माझ्याजवळ."

दुपार पुढे सरकली. ढग आले आणि गेले. जेवणाच्या वेळी गावभर चुली पेटल्या, म्हणजे विजेच्याच, आणि मीटरवरचा आकडा श्वास घेतल्यासारखा वरखाली होत राहिला. बेकरीतून पाव भाजल्याचा वास हॅचरीपर्यंत आला. काचेमागे अंडी एकामागून एक फुटत होती. आधी ओली, केविलवाणी दिसणारी पिल्लं वाळून फुलत होती, पिवळ्या गोंड्यासारखी, आणि खोलीत चिवचिवाट इतका माजला की बोलायची सोयच उरली नाही. ताई सुरुवातीला मीटरकडे बघत होती. मग अधूनमधून. मग तिने धाकटीच्या लहानपणच्या गोष्टी सुरू केल्या, ती पहिल्या दिवशी शाळेत कशी रडली, बूट उलटे कसे घातले. एक गोष्ट सांगता सांगता ती मधेच थांबली.

धाकटीने पाहिलं तर ताईची मान तिच्या खांद्यावर कलली होती. तोंड जरा उघडं, श्वास संथ. धाकटीच्या लक्षात आलं, की ताईला झोपलेलं तिने आयुष्यात कधीच पाहिलेलं नाही. रात्री आपण झोपायच्या वेळी ती जागी असायची, सकाळी उठावं तेव्हाही जागी. आजारपणात जागी, परीक्षेत जागी. मधे ती झोपत असेलच, माणूसच ती, पण ते पाहायला आपण कधी जागं राहिलो नाही.

ऊन उतरायला लागलं तेव्हा तिचा फोन थरथरला. काका होते. तिने तो कानाला लावला.

"पोरी, जिंकलीस!" काकांचा आवाज आनंदाने फुटला होता. "खिंडीतली लाइन तयार आहे. खिंडीपलीकडचे म्हणतात, तुमचा आकडा आमच्यापेक्षा शहाण्यासारखा वागतोय. जोडू का?"

"जरा हळू बोला," धाकटी पुटपुटली.

"आं? काय झालं? काही बिघडलं का?"

"काही नाही बिघडलं काका. ताई झोपलीय."

काकांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"कोण ताई? आपली ताई?"

"हो."

"दिवसाढवळ्या?"

"हो काका."

"बापरे," काका म्हणाले, आणि आता तेही कुजबुजत होते, जणू पॉवरहाउसमध्येही कोणी निजलेलं होतं. "जोडताना एखादा हिसका बसला, पंख्यांचा आवाज बदलला, तर जागी व्हायची. गाव चालतंय ना एकटं?"

धाकटीने मीटरकडे पाहिलं. "चालतंय."

"मग चालू दे थोडा वेळ अजून. पलीकडच्यांना सांगतो, चहा पिऊन या."

"साहेब ओरडतील."

"ओरडू देत, मी बघतो त्यांच्याकडे. तू बस."

फोन बंद झाला. खोलीत हजारो पिल्लं एका सुरात ओरडत होती आणि ताई त्या गोंगाटात गाढ झोपली होती. धाकटीचा खांदा केव्हाच बधिर झाला होता. तिने तो हलवला नाही.